नानांच्या मापाचा पोशाख

हिरामणनानांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही, गावही विचारलं नाही. "सरळ उभा ऱ्हाय. हात खाले सोड," एवढंच म्हणाले.

पारोळ्याच्या बाजारपेठेत भिकचंदशेठच्या कापडदुकानाला लागून नानांचं शिवणकामाचं दुकान. दोन पायमशीन, एक बेतायचं टेबल आणि जमिनीवर एक लाकडी पाट. त्या पाटावर मी उभा होतो. वय एकोणीस. वरणगावच्या कारखान्यात मजुरांची भरती आहे असं कुणीतरी सांगितलं होतं आणि तिथे पायजम्यावर जाऊ नकोस, पँट घालून जा, असंही सांगितलं होतं. आयुष्यातली पहिली पँट. मी छाती फुगवून, श्वास रोखून उभा राहिलो. नानांनी टेप लावली, काढली, परत लावली.

"दम कशाले धरी ऱ्हायना? सोड. दम बी मापमा येस."

मी श्वास सोडला, तेव्हा त्यांनी माप घेतलं.

कारखान्यात काही मला घेतलं नाही. सहावी शिकलेल्याला का घेतील? तिसऱ्या दिवशी मी पँट घडी करून परत दुकानात. म्हटलं, ही परत घ्या. नानांनी चष्म्यावरून पाहिलं. "पँटमा काय खोट शे?"

"पँटमा नही नाना. मन्हामा शे."

"मंग पँट ऱ्हाऊ दे तुन्हाजोडे. तूच बस आठे."

असा मी नानांकडे बसलो. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाना साठ वर्षांचे होतात. जन्मतारीख कुणी लिहून ठेवलेली नाही, पण आई सांगायची की आखाजीचे झोके बांधले त्या दिवशी झाला, म्हणून आखाजी धरायची. त्या निमित्तानं आपण सर्व मंडळी त्यांचा सत्कार करत आहात आणि हा ग्रंथ काढत आहात. समितीचे गुरुजी, ज्यांनी मला सहावीपर्यंत शिकवलं, त्यांनी कानपूरला पत्र टाकून मलाही लिहायला सांगितलं. गुरुजींना एक विनंती. माझ्या लिहिण्यात ज्या चुका असतील त्या खुशाल दुरुस्त करा. पण पुढे मी एका लग्नातल्या चुकीचं लिहिलं आहे. ते मात्र कापू नका. त्यासाठीच मी लिहायला बसलो आहे.

आधी नानांच्या कामाबद्दल.

नानांच्या दुकानात मापाची वही नाही, हे आपणा सर्वांना माहीत आहे. बाहेरगावचे वाचतील त्यांच्यासाठी सांगतो. कापडाच्या थानाची किनार निघते, बोटभर रुंद, ती बाकीचे शिंपी फेकून देतात. नाना ती जपून ठेवत. गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं की त्याच्या नावाची एक फीत. टोकापासून मोजून छातीला कात्रीची एक खाच, बाहीला दोन, कमरेला तीन. दोन बाह्यांच्या खाचा वेगळ्या, एक फितीच्या या कडेला, एक त्या कडेला. कारण, नाना म्हणत, कुणाचेही दोन हात सारखे नसतात. औत धरणाऱ्याचा उजवा लांब, पोरं कडेवर घेणारीचा डावा खांदा उतरलेला. फितीच्या टोकाला त्या माणसाच्या पहिल्या कपड्याचा एक तुकडा बांधायचा. मग ती भिंतीवरच्या खिळ्याला. पूर्ण भिंत फितींनी भरलेली. वारा आला की सगळं गाव हलल्यासारखं वाटायचं. नाना न बघता मागे हात घालत आणि बरोबर फीत काढत.

माणूस वारला की नाना त्याची फीत काढून दारावर बसायला, म्हणजे सांत्वनाला, जाताना घेऊन जात आणि घरच्यांच्या हातात देत. पेठेतल्या एका विड्यावाल्याचा मुलगा बापाची फीत घेऊन पुढे कधीतरी दुकानात आला आणि म्हणाला, "नाना, मन्हा बाप मन्हापेक्षा दोन बोटं रुंद व्हता का हो?" नाना म्हणाले, "व्हता. तू बी व्हशी." तो मुलगा हसत गेला. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता कानपूरला मशीनवर बसलो की हेच आठवतं.

आता ज्या शब्दासाठी नाना तालुक्यात प्रसिद्ध आहेत आणि ज्या शब्दावरून त्यांची थट्टाही होते, तो शब्द. पोशाख.

शाळेत शिकवतात की पोशाख म्हणजे अंगावर घालायचे कपडे. आपल्याकडे तेवढ्यानं भागत नाही. आपल्याकडे पोशाख 'करतात', 'चढवतात', पोशाखावरून रुसतात. लग्नात कुणाला टॉवेल-टोपी आणि कुणाला पूर्ण पोशाख, म्हणजे धोतर, सदरा, उपरणं, टोपी, यावरून बैठकी मोडतात. मुलीच्या मामाला पूर्ण पोशाख, व्याह्यांना पूर्ण पोशाख, बाकीच्यांना जसा मान तसं. आणि होतं काय, की मानाचं नाव मोठं आणि कापड हलकं. आहेराचं म्हणून वेगळंच कापड मिळतं. ते कुणी शिवत नाही, नेसत नाही. या लग्नात मिळालं, त्या लग्नात दिलं. भिकचंदशेठच्या दुकानात त्याची वेगळी फळीच होती.

एकदा नानांनी शेठच्या फळीवरल्या एका सदऱ्याच्या कापडाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे दोन टाके घालून ठेवले. कुणाला सांगितलं नाही. दीड वर्षानं एक माणूस तेच कापड बदलून मागायला शेठकडे आला. शेठ ते उलगडत नानांकडे घेऊन आले. "नाना, हे तर आपलंच वाटतं. टाके तुमचे."

"गावोगाव जेवण करीसन उनं बिचारं. पण कोनाच आंगवर चढनं नही." नानांनी कापड परत दिलं. "शेठ, हाई कापड शे. पोशाख नही."

"मग पोशाख कशाला म्हणायचं?"

"ज्यानं माप लिधं, त्याना पोशाख." म्हणजे ज्याचं माप घेतलं, त्याचाच तो पोशाख.

शेठ हसायला लागले. "तुमच्या म्हणण्यावर चाललो तर माझी ती फळी बंद पडेल."

"बंद पडू द्या. तठे पाट ठेवा. लोके उभा ऱ्हातीन."

शेठनी फळी बंद केली नाही हे खरं. पण तेव्हापासून आहेराचं कापड घेणाऱ्याला ते म्हणायचे, "शेजारी जाऊन माप तरी देऊन या." अर्धे लोक जायचे नाहीत. अर्धे जायचे.

हा शब्द नाना फक्त लग्नापुरता वापरत नसत. आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल ठरतं. धान्य इतकं, अमुक इतकं, आणि एक पोशाख. सगळ्यांच्या बोलीत हा शब्द असतो. मी बसलो त्या पहिल्या आखाजीला एक शेतकरी आपल्या सालदाराला घेऊन आला. जालम त्याचं नाव, सातपुड्याकडचा भिल्ल. शेतकरी म्हणाला, "नाना, सालदारनं माप काय लेतस? मोठं शिवा. झुली ऱ्हायनं तरी चाली."

नाना मशीनवरून उठले नाहीत. "तुमनी बोली काय व्हयेल शे? कापड का पोशाख?"

"पोशाख."

"मंग त्याले पाटवर उभा करा."

जालम पाटाकडे बघत उंबऱ्यातच थांबला. पायाला धूळ होती. नाना म्हणाले, "ये. तुन्हा मालक बी ह्याच पाटवर उभा ऱ्हास." शेतकरी रस्त्यावरच्या एका बैलगाडीकडे बघायला लागला. तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. जालम पाटावर चढला आणि नानांनी त्याची फीत केली. दुसऱ्या वर्षी जालम दुसऱ्या मालकाकडे लागला, पण माप देण्यासाठी मालकाच्या आधी हजर. मालकाला म्हणाला, "मन्ही फीत शे तठे." जसं काही शेत आहे.

माझ्याबद्दल लिहायचं नव्हतं, पण नानांचा चांगुलपणा सांगायचा तर माझ्यावाचून सांगता येत नाही. मी एका जागी टिकणारा माणूस नाही. अजूनही नाही. नानांकडे काजे करायला शिकलो, तुरपाई शिकलो, बेतायला शिकलो, आणि मग एक दिवस कातावून जायचो. एकदा भुसावळला हमाली केली. एकदा दीपनगरला वीजकेंद्राच्या बांधकामावर गवंड्यांच्या हाताखाली. एकदा धुळ्याला लॉरीवर. तिन्ही वेळा सांगून गेलो नाही आणि तिन्ही वेळा दोनतीन महिन्यांनी परत आलो. नानांनी एकदाही विचारलं नाही की कुठे होतास. अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, आतून म्हणायच्या, "उना का फिरस्ता? भाकर शे अजून." आणि नाना पाटाकडे बोट करत. "उभा ऱ्हाय. बाहेर जाईसन कितला वाढना ते देखू दे."

दर वेळी माझ्या फितीवर नव्या खाचा. जुन्या तशाच ठेवून. खांद्याला अर्धं बोट, कमरेला वजा. तीन वेळच्या खाचा एकाच फितीवर. नाना म्हणाले होते, "तुन्ही फीत भरी जाई, पण तू काय बसाव नही."

मी हसलो होतो. पुढे हसण्यासारखं राहिलं नाही.

आता ते लग्न.

बोरी नदीच्या काठावरच्या एका गावात उत्तमराव म्हणून बागायतदार. त्यांच्या मुलीचं लग्न. मानाचे सगळे पोशाख नानांकडे शिवायला आले. व्याह्यांचा टेरिलिनचा, तो नानांनी आधीच हातावेगळा केला होता. मग नाना मशीनचा एक भाग आणायला धुळ्याला गेले. त्या दिवशी उत्तमरावांचा माणूस मुलीच्या मामासाठी कापड घेऊन आला. मामा चोपड्याच्या बाजूचे, सोमाआबा त्यांचं नाव. मी म्हटलं, माप? तो म्हणाला, "आबाचं माप कशाला? लांब राहतात. सदरा काय ते घालणार आहेत का, पुढच्या लग्नात देऊन टाकतील. मध्यम अंगाचा बेत." मला त्या दिवशी लवकर सुटायचं होतं. कशासाठी ते आता आठवतही नाही. मी मध्यम अंगाचा सदरा बेतला.

एवढीच चूक असती तर मी ती नानांना सांगितली असती. पण नाना परत आले, शिवलेला सदरा बघितला आणि विचारलं, "मामानं माप कोनी लिधं?"

मी म्हटलं, "मी घेतलं."

"फीत?"

"लावतो."

आणि मी एक किनार घेतली. माणूस न बघता तिच्यावर खाचा केल्या. छातीला एक, बाहीला दोन दोन, दोन्ही कडेला एकसारख्या. टोकाला कापडाचा तुकडा बांधला आणि खिळ्याला लावली. नानांच्या भिंतीवरची ती एकमेव खोटी फीत.

लग्नाला नाना गेले, मीही गेलो. त्या घरची रीत अशी की अक्षता पडायच्या आधी मांडवातच मानाचे पोशाख चढवायचे, सगळ्यांच्या देखत. आधी व्याह्यांचा झाला. मग पुकारलं, "मामाले पोशाख." सोमाआबा पुढे आले. खांद्यावर घोंगडी होती ती काढली. तेव्हा मी पाहिलं. त्यांना डावा हात कोपरापासून खाली नव्हता. सरकी काढायच्या जिनात गेला होता, हे मागाहून कळलं.

दोघांनी त्यांना सदरा चढवला. उजवी बाही मनगटाशी आली. डावी नुसती लोंबत राहिली. वरपक्षाकडच्या कुणीतरी मागून म्हटलं, "आबा, हात घर इसरी उनात का काय?" आणि लोक हसले. सगळे नाही. पण पुरेसे.

सोमाआबांनी एका हातानं गुंड्या सोडल्या. सदरा अंगातून काढला. मांडीवर ठेवून एका हातानं त्याची घडी केली. आमच्या दुकानात मला दोन हातांनी तशी घडी जमत नव्हती. पाटावर ठेवला. म्हणाले, "हाऊ मन्हा नही. ज्याना व्हई त्याले द्या." आणि मांडवाबाहेर जाऊन आपल्या बैलगाडीपाशी बसले.

अंतरपाट धरायची वेळ झाली. आपल्याकडे मामा मुलीच्या मागे उभा राहतो. मुलीनं मान वर केली नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मामा मांगे उभा नही तर मी बी उभी ऱ्हात नही." वरपक्षात कुजबुज सुरू झाली. व्याही नवा टेरिलिनचा सदरा सावरत उठले. उत्तमराव लालबुंद होऊन नानांकडे आले. "कोणी बेतलं हे?"

मी नानांपासून चार हातांवर होतो. नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. दोन्ही कडेच्या सारख्या खाचा त्यांना त्या क्षणी आठवल्या असणार. माणूस न बघता फीत झाली, हे त्यांना तेव्हाच कळलं असणार.

"मीच बेतलं," नाना म्हणाले. "दुकान मन्हं शे."

मी पुढे जायला हवं होतं. मी गेलो नाही. पाय उचलले नाहीत असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पाय उचलत होते. थोड्या वेळानं पळायला चांगले उचलले.

नानांनी सदरा उचलला आणि गाडीपाशी गेले. सगळा मांडव त्यांच्यामागे. सोमाआबा चाकाला टेकून बसले होते. नाना त्यांच्यासमोर खाली बसले.

"आबा, तुमनं माप लेवानं ऱ्हाई गयं. चूक मन्ही शे."

"मन्हं माप काय लेतस नाना," आबा म्हणाले. "अर्धा माणूसनं?"

"आख्खानं लेस. उभा ऱ्हावा."

आबा बसूनच राहिले. नानाही बसून राहिले. भटजी आले आणि म्हणाले, मुहूर्त निघून चालला आहे. नाना मागे न वळता म्हणाले, "भटजीबुवा, मुहूर्त तुमनाजोडे आखो व्हतीन. आबाजोडे ही बाही एकच शे." कुणीतरी हसलं, पण ते हसणं मघासारखं नव्हतं. आबा उभे राहिले.

नानांनी खिशातली टेप आणि छोटी कात्री काढली आणि आपल्या उपरण्याची किनार फाडली. तिची फीत केली. आधी छाती, मग उजवा हात, मग डावा. डाव्या हातालाही टेप खांद्यापासून तशीच लावली, तशीच परत लावली, कोपरापाशी खाच घातली. "दम सोडा आबा," म्हणाले. मग गाडीच्या दांडीवर बसले. नानांच्या टोपीच्या घडीत सुई आणि दोरा कायम असतो, आपल्याला माहीत आहे. बाही कापली. मला वाटलं आता दुमडून तुरपाई करतील. नाही. कापलेल्या तुकड्याचा कफ उसवला, काजासकट, आणि तो आखूड बाहीला नव्यानं बसवला. त्या हाताच्या जाडीचा. गुंडी लावली. सगळे मांडवभर लोक उन्हात उभे राहून एका शिंप्याची तुरपाई बघत होते.

आबांनी सदरा चढवला, तेव्हा ती बाही आखूड वाटली नाही. ती पूर्ण बाही होती. त्या हाताची.

मुलीनं वळून पाहिलं आणि पाटावर उभी राहिली. आबा तिच्यामागे गेले. अक्षता पडल्या.

आबांनी सदरा चढवला तेवढं बघून मी निघालो होतो, पुढचं गुरुजींच्या पत्रातून कळलं. दुकानात जाऊन ती खोटी फीत खिळ्यावरून काढली, खिशात घातली, अमळनेरला जाणारी एस.टी. धरली आणि तिथून सुरतेची गाडी. सुरतेत मागावर, मग अहमदाबादला, मग इंदूरला, आता कानपूर. सहा वर्षं होतील. या वेळी दोनतीन महिन्यांनी परत आलो नाही.

पेठेत अजून काहीजण नानांना चिडवतात की नानांना एका हाताचे दोन दिसले, हे गुरुजींनी पत्रात लिहिलं आहे. नाना हसून सोडून देतात, असंही लिहिलं आहे. म्हणून सर्व मंडळींना सांगतो आणि छापून यावं म्हणून सांगतो. सोमाआबांचा सदरा हिरामणनानांनी बेतला नव्हता. रघुनाथनं बेतला. माप घेतलं म्हणून नानांना खोटं सांगितलं, खोटी फीत केली आणि नानांनी सगळ्यांच्या देखत स्वतःवर घेतलं तेव्हा गप्प राहिला. चाळीस वर्षांच्या कामात नानांच्या हातून अशी एक चूक झाली असं कुणी म्हणत असेल, तर ती वजा करा. नानांच्या नावावर एकही नाही.

कानपूरला मी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात आहे. बाह्या लावायचं काम. मापं तीन. छोटा, मंझला, बडा. जगात तीनच माणसं आहेत असं धरून आम्ही दिवसभर शिवतो. पुरुषभर उंचीचे गठ्ठे बाहेर जातात. एकही अंग मी पाहिलेलं नाही. परवा मुकादमाला म्हटलं, कुणाचे दोन हात सारखे नसतात. तो म्हणाला, "तो क्या हुआ, आस्तीन तो बराबर होनी चाहिए." त्याचंही बरोबर आहे, त्याच्या जागी. मी मात्र बाही लावताना दर वेळी थांबतो आणि शिव्या खातो. हे पत्र लिहितानाही तीनदा उठलो, बाहेर जाऊन आलो, परत बसलो.

गुरुजींनी पत्राच्या शेवटी दोन गोष्टी लिहिल्या आहेत. त्या वाचल्यापासून मला इथे बसवत नाही.

एक. सत्काराला नानांना पूर्ण पोशाख द्यायचं समितीत ठरलं. भिकचंदशेठनी दुकानातलं सगळ्यांत भारी कापड काढलं. गुरुजी विचारायला गेले, तर नाना म्हणाले, "मन्हं माप कोनी लिधं?" गुरुजी भिंतीकडे वळले आणि रिकाम्या हातानं परत फिरले. कारण भिंतीवर सगळ्या तालुक्याच्या फिती आहेत, पण नानांची नाही. स्वतःचे सदरे ते उरलेल्या कापडातून अंदाजानं शिवतात. अक्का नेहमी म्हणायच्या, "बठ्ठा गावना पोशाख ह्या हातमाईन गयात, आन ह्यासना आंगवर देखा, कॉलर एक रंगनी, बाही दुसरा रंगनी." तयार सदरा आणू का, असं शेठनी विचारलं. नाना म्हणाले, "तो मन्हा पोशाख कसा व्हई?"

दोन. गुरुजींनी निघताना विचारलं की रघुनाथलाही लिहायला सांगू का. नानांनी हातातली सुई कापडात टोचून ठेवली. मग भिंतीकडे हात करून म्हणाले, "त्यानी फीत तठेच शे. जागा शे आखो तिन्हावर."

समितीतल्या सर्व मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. कापड शेठचंच असू द्या. पण कुणाला शिवायला देऊ नका आणि तयार सदरा आणू नका. मी आखाजीच्या आठ दिवस आधी पारोळ्याला येतो आहे. मुकादमाला सांगितलं आहे. तो म्हणाला परत आलास तर जागा नसेल. नसू दे.

नानांनी मला दुकानात घेतलं नाही, तरी चालेल. ते त्यांनी ठरवायचं. उंबऱ्यातून परत पाठवलं, तर उंबऱ्यातच टेप लावीन. माझ्या खिशात सहा वर्षं ती खोटी फीत आहे. ती नानांच्या हातात देईन आणि तिच्या जागी खिळ्याला नानांची खरी फीत लावीन. दोन्ही हातांचं वेगवेगळं माप घेऊन. नानांचा उजवा खांदा कात्रीनं उतरला आहे, हे मी बसल्या जागेवरून सांगतो, पण अंदाजानं बेतणार नाही.

नाना, तुम्ही हे वाचाल किंवा गुरुजी वाचून दाखवतील. तुम्हाला दीर्घ आयुष्य मिळो, डोळे आणि बोटं शेवटपर्यंत साथ देवोत, पाटावर लोक उभे राहत राहोत, हे सगळे लिहितील तसं मीही मनापासून लिहितो. त्यापुढचं एवढंच. आखाजीला पाटावर तुम्ही उभे राहा. हात खाली सोडा. दम धरू नका. आणि मी शिवणीत दोन बोटं कापड जास्त सोडणार आहे. तुम्ही म्हणाल, म्हातारं माणूस आटत जातं, कशाला सोडतोस. सोडू द्या. पंचाहत्तरीला परत माप घ्यायचं आहे.

— रघुनाथ, कानपूर